दुसऱ्यांदा आलेला कागद

मंडळी, सगळे आलात. मागे दाराशी उभ्या असलेल्या वकील साहेबांनी पुढे यावं, इथे चार खुर्च्या रिकाम्या आहेत. रोडपालीच्या बिल्डिंगमधल्या ताईंनो, तुम्ही पंख्याखाली बसा, तुम्हाला आमच्या पत्र्याची सवय नाही. शालिनीबाईंचे भाऊ आणि वहिनी पुण्याहून आलेत, त्यांना हात जोडते.

मला बोलायला सांगितलंय. मी बोलणारी बाई आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. लग्नात चार चार तास गाते, घसा बसत नाही. पण आज शालिनीबाईंबद्दल बोलायचं आणि त्या समोर बसून चष्म्यावरून माझ्याकडे बघत नाहीत, हे काही जमत नाहीये. मी भरकटले की त्या पेनाने टेबलावर टकटक करायच्या. आज टकटक करायला कोणी नाही. म्हणजे मी भरकटणार. सांभाळून घ्या.

आणि हा हातात कागद आहे, ते भाषण नव्हे. मला कुठलं भाषण लिहिता येतंय. मी दुसरीपर्यंत शिकले, तीही मिठागराचं काम नसेल त्या महिन्यांत. हा आमच्या महिला मंडळाचा ठराव आहे. बाई जाऊन आज बारा दिवस झाले. त्या गेल्या आणि तिसऱ्याच दिवशी आमच्या बायकांनी बसून हा ठराव केला. मी अध्यक्ष, म्हणून सही माझी लागते. ठरावात लिहिलंय की हिराआजी हयात असेपर्यंत त्याच अध्यक्ष. सगळं त्यांनीच ठरवायचं. त्या अध्यक्ष असेपर्यंत सभा घ्यायची गरज नाही. कोणाला विचारायची गरज नाही. हिराआजी म्हणजे मी.

मी हा कागद परत पाठवला. म्हटलं, बायांनो, पुन्हा विचार करा. त्यांनी दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा पुन्हा पाठवला. आणि आमचा नियम असा आहे की दुसऱ्यांदा आलेल्या कागदावर अध्यक्षाला सही करावीच लागते. आठ दिवसांत. आज आठवा दिवस आहे. नियम लिहिलाय शालिनीबाईंनी.

शोकसभेत हे काय काढलं, असं कुसुम डोळ्यांनी विचारतेय. कुसुम म्हणजे माझी नणंद, मंडळाची उपाध्यक्ष, ती पहिल्या रांगेत हिरव्या साडीत बसलीय ती. कुसुम, डोळे वटारू नकोस. बाईंबद्दल बोलायचं आणि नियमाबद्दल बोलायचं नाही, हे कसं होईल?

बाईंना तुम्ही कोर्टाबाहेर बघितलं असेल. पत्र्याच्या शेडखाली, पुढ्यात टाईपरायटर, बाजूला पाण्याची बाटली आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक दगड. चाळीस वर्षं त्या तिथे बसल्या. वकील बोलायचे आणि बाई टाईप करायच्या. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, मोठमोठे दावे. चाळीस वर्षं कायदा बोटांतून गेला, तो थोडा तरी डोक्यात चढणारच की. वकील साहेब हसतायत. हसा. तुमच्या किती अर्जांतल्या चुका त्यांनी न सांगता दुरुस्त केल्या, ते तुम्हालाच माहीत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती मंडळाची नोंदणी करायची म्हणून. आमचं मंडळ काय करतं, ते पाहुण्यांना सांगते. गावात लग्न असलं, हळद असली की मोठे टोप लागतात, पराती लागतात, कढया लागतात. पूर्वी प्रत्येक जण बाजारातून भाड्याने आणायचा. मग आम्ही बायकांनी मिळून भांडी केली, खोली बांधली, कुलूप लावलं. ज्याच्या घरी कार्य, त्याला भांडी द्यायची. एवढंच काम. पण गावात हे एवढंसं काम नाही. हजार माणूस जेवायचं असतं आणि टोप मिळाला नाही तर नवरीच्या बापाची लाज जाते.

अध्यक्ष मी का? कारण मी धवलारीण. शहरातल्या लोकांनो, आमच्या आगरी लग्नात धवले गातात. देवाला आवतण देण्यापासून हळद उतरवेपर्यंत सगळा विधी त्या गाण्यातून चालतो, आणि तो चालवते ती धवलारीण. ती गात असताना तिला कोणी अडवत नाही. नवऱ्याचा बाप गप्प, मामा गप्प, सरपंच असला तरी गप्प. धवला मध्येच तोडला तर अपशकुन. तर गावाने विचार केला, जी लग्न चालवते ती मंडळ चालवेल. आणि मलाही तसंच वाटलं. अध्यक्ष म्हणजे काय, तर धवलारीण. बोलायचं तिने, ऐकायचं बाकीच्यांनी.

त्या दिवशी मी आणि कुसुम शेडखाली जाऊन बसलो. बाईंनी कागद चढवला. विचारलं, "मंडळाचे नियम सांगा."

मी म्हटलं, "नियम कशाला? अध्यक्ष मी हाय."

"आणि तुम्ही चुकलात तर?"

"मी नाय चुकत."

बाईंनी दोन्ही हात मशीनवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. म्हणाल्या, "मग हे मला टाईप करता येणार नाही. दुसरीकडे बघा."

कुसुम मला कोपराने ढोसते. "वयनी, नियम सांग की एखादा, ऊन वाढतंय." मला तर राग आला होता. मी म्हटलं, "बाई, तुमाला काय ठाव, गावात माझा शब्द कोणी मोडत नाय."

"हो का?" बाई म्हणाल्या. "दिल्लीत राष्ट्रपती असतात, माहीत आहेत?"

"टीव्हीवर बघते की. सव्वीस जानेवारीला. सगळे उठून उभे राहतात."

"त्यांचाही शब्द मोडता येतो."

मंडळी, मी खोटं सांगत नाही, मी ऊन विसरले. मी म्हटलं, कसा काय मोडता येतो? बाईंनी सांगितलं. देशात जे काही चालतं ते राष्ट्रपतींच्या नावाने चालतं. कायदा त्यांच्या सहीशिवाय होत नाही. फौजेचे ते सगळ्यांत वरचे. पण संसदेनं कायदा करून पाठवला आणि तो त्यांना पटला नाही, तर ते एकदाच परत पाठवू शकतात. पुन्हा विचार करा म्हणून. संसदेनं दुसऱ्यांदा तोच पाठवला, की मग राष्ट्रपतींना सही नाकारता येत नाही. मंत्र्यांनी सल्ला दिला, तोही एकदा परत पाठवता येतो. दुसऱ्यांदा आला की तसंच करायचं.

मी विचारलं, "आणि नाय केलं तर?"

"तर त्यांना काढायचीही सोय आहे."

"राष्ट्रपतीला?"

"राष्ट्रपतींना. घटना मोडली तर. सोपं नाही, संसदेच्या दोन्ही घरांत तीनातल्या दोघांनी हो म्हणावं लागतं. पण सोय आहे."

मी कुसुमकडे बघितलं. कुसुम माझ्याकडे. ज्याच्या नावाने फौज चालते त्याला दुसऱ्यांदा नाही म्हणायची मुभा नाही, आणि मी, भांड्यांच्या खोलीची अध्यक्ष, म्हणते की माझा शब्द कोणी मोडत नाही. मला लाज वाटली का? नाही हो. खरं सांगू? मला आनंद झाला. असा आनंद की पोटात फुगा फुगावा. कारण हे कोणीतरी बसून आधी ठरवलं होतं. मोठमोठी शिकलेली माणसं बसली आणि त्यांनी विचार केला, की उद्या या खुर्चीवर चांगला माणूस बसेल, तरी त्याला बांध घालू.

आता बांध म्हटलं म्हणून सांगते. माझे बाबा मिठागरावर होते. खाडीच्या भरतीचं पाणी आत घ्यायला उघाडी असते, म्हणजे बांधातला दरवाजा. पाणी हवं तेवढं घ्यायचं, मग दरवाजा पाडायचा. मी लहानपणी बाबांना विचारलं होतं, खाडी वाईट असते का? बाबा म्हणाले, "खाडी नसली तर मीठ कुठून येईल? ती वाईट नाय. ती मोठी हाय." मला बाबांचं ते बोलणं कोर्टाच्या शेडखाली उन्हात समजलं. पन्नास वर्षांनी. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आजी, हे वकिलांना सांगायला हवं." आज सांगितलं, वकील साहेब.

तर त्या दिवशी आमचे नियम टाईप झाले. बाई एकेक नियम वाचायच्या, मी हो म्हणायची. अध्यक्ष ठराव एकदा परत पाठवू शकते. दुसऱ्यांदा आला तर सही करावी लागेल. एकवीसपैकी चौदा जणींनी हात वर केला तर अध्यक्षाला काढता येईल. इथे मी अडले. म्हटलं, "मला काढायचा नियम तुमी लिहिता, आणि त्याच्यावर सही माझीच घेता?"

"हो," बाई म्हणाल्या.

"चौदा जणी माझ्या विरोधात गेल्या तर?"

कुसुम म्हणाली, "घाबरू नको वयनी. आमटीत मीठ किती, यावर आमच्या तिघींचं जमत नाय, चौदा कुठून गोळा व्हायच्या?"

मी सही केली. माझी सही म्हणजे पाच मिनिटांचं काम. बाईंनी घाई केली नाही. तिथेच मी त्यांना म्हटलं, तुम्ही आमच्या मंडळात या, कागद सांभाळा. त्या म्हणाल्या, मी रोडपालीला फ्लॅटमध्ये राहते, तुमच्या गावची नाही. मी म्हटलं, आमच्या गावात तुमच्यासारखं कोणी नाही म्हणूनच बोलावते. आल्या. सचिव झाल्या. दर महिन्याला रिक्षाने यायच्या, बिनसाखरेचा चहा प्यायच्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ठराव दोनदा वाचून दाखवायच्या. एकदा नाही, दोनदा. जनाबाईला झोप लागली तर तिला उठवून तिसऱ्यांदा.

आता माझी फजिती सांगते. गावाला माहीत आहे, पाहुण्यांना सांगते.

आमच्या आळीतल्या एका घरात लग्न निघालं. घराचं नाव घेत नाही, ते इथे बसलेत आणि आता आमचं बोलणं चांगलं आहे. त्या घरातली तीन लग्नं मी लावली. चौथ्याला त्यांनी मला बोलावलंच नाही. म्हणाले, पोरांना डीजे हवाय. धवले नकोत. माझ्या मनाला ते लागलं. आणि त्यांनी भांड्यांसाठी अर्ज केला.

मंडळाने हो म्हटलं. कागद माझ्याकडे आला. मी परत पाठवला. कारण काय लिहिलं? लिहिलं, टोपाला कल्हई नाही. बाईंनी सभेत सगळे टोप काढून उन्हात मांडले. चकचकीत. मंडळाने पुन्हा हो म्हटलं. कागद दुसऱ्यांदा आला.

मी तो घेतला आणि घरी तांदळाच्या कोठीत, तांदळाखाली ठेवून दिला.

पाच दिवस गेले. सहा गेले. हळद जवळ आली. बाई घरी आल्या. चहा घेतला. मग म्हणाल्या, "आजी, कागद कुठे आहे?"

"बघते."

"सही करणार नाही, असं म्हणताय का तुम्ही?"

"नाय. असं कुठे म्हणते."

"मग करणार म्हणता का?"

"असं पण नाय म्हणत."

बाईंनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता शिव्या. आणि बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. "आजी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "कोणी नाय. माझं मीच." तेव्हा त्यांनी सांगितलं, की देशाच्या घटनेतही इथेच फट आहे. राष्ट्रपतींनी सही करायची, पण किती दिवसांत, तो आकडाच लिहिलेला नाही. परत पाठवायचा तर लवकरात लवकर पाठवा, एवढंच. नुसता ठेवून दिला तर काय, ते कोणी लिहिलं नाही. म्हणे एकदा तसा एक कागद ठेवूनही दिला होता.

बघा मंडळी. दुसरी शिकलेली बाई मी. एवढ्या विद्वानांनी केलेल्या कामातली फट मला तांदळाच्या कोठीपाशी सापडली. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की कागद काढून सही करून टाकली. बाईंनी सही घेतली, कागदावरचा तांदूळ झटकला आणि म्हणाल्या, "आता ही फट आपल्याकडे बुजवू." पुढच्या सभेत नवा नियम आला. आठ दिवस. त्यावरही सही माझीच.

भांडी गेली. डीजे वाजला. माझ्या घराच्या खिडक्या हलल्या. आणि हो, एका टोपाचं झाकण परत आलं नाही. ते मी सभेत सांगितलं.

पण मी नुसतीच हरत होते, असं समजू नका. एकदा मंडळाने ठराव केला, की बाहेरून राहायला आलेल्यांना, बिल्डिंगवाल्यांना, भांडी द्यायची नाहीत. आधी गावचं. मी परत पाठवला. म्हटलं, त्यांच्या पोरींना हळद लागत नाही का? बाई त्या सभेत एक शब्द बोलल्या नाहीत. त्या स्वतः बिल्डिंगवाल्या, कशा बोलणार? दुसऱ्या सभेत दोन तास भांडण झालं. जनाबाई जागी राहिली, म्हणजे बघा केवढं भांडण असेल. आणि शेवटी ठराव बदलला. कोणालाही द्यायची. बाहेर रिक्षाची वाट बघताना बाई मला म्हणाल्या, "आजी, तुम्ही हुकूम सोडला असता, तर त्यांनी भांडी दिली असती आणि मनात राग धरला असता. तुम्ही विचार करायला लावलं." त्या ताई आज पंख्याखाली बसल्यात. त्यांच्या मुलीच्या हळदीला आमचेच टोप होते.

मला या सगळ्याचं अजून नवल वाटतं. मी भांडी घासताना विचार करते. बाईंनी एकदा सांगितलं होतं, की राष्ट्रपती खुर्चीवर बसायच्या आधी देशाच्या सगळ्यांत मोठ्या न्यायाधीशांपुढे शपथ घेतात. काय म्हणतात, तर मी घटना जपीन, राखीन. एवढा मोठा माणूस, आणि खुर्चीवर बसायच्या आधी एका पुस्तकाची राखण करायचं कबूल करतो. मी बाईंना ते तीनदा सांगायला लावलं. मला दर वेळी काटा आला अंगावर. हा बघा, आत्ताही आला.

आता शेवटचं सांगते. जमेल तसं.

बाई आजारी पडल्या तेव्हा मी रोडपालीला त्यांच्या घरी गेले. दुपार होती. त्या पलंगावर, उशाशी मंडळाची फाईल. बोलायला धाप लागायची. तरी विचारलं, "या महिन्याची सभा झाली का?" मी म्हटलं, "नाय. तुमच्याशिवाय कोण वाचणार?" बाईंना ते आवडलं नाही. तोंड फिरवलं. मग माझ्याच डोक्यात एक आलं. मी विचारलं, "बाई, मंडळच म्हणालं की सभा नको, आजी करेल ते खरं, तर?"

बाईंनी उशाशी असलेली फाईल जवळ ओढली. म्हणाल्या, "दिल्लीत असं झालं, तर कोर्ट बघतं. संसदेलाही सगळंच बदलून टाकता येत नाही, असं कोर्टाने सांगून ठेवलंय. आपल्या भांड्यांच्या खोलीला कोर्ट कुठून आणू?"

"मग?"

"मला नाही सुचत, आजी. हे मी लिहायला विसरले." आणि मग म्हणाल्या, "तुम्ही शोधा. फट तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर सापडते."

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

आणि नेमकं तेच झालं. बायांनो, मी तुमच्यावर रागावले नाहीये. तुम्ही हा ठराव का केला, मला माहीत आहे. ठराव घेऊन कुसुम आली होती. रडत होती. म्हणाली, "वयनी, बाई गेल्या. आता कोण लिहिणार, कोण वाचणार? सभेत नुसती भांडणं होतील. तू हायस ना. तू सांगशील ते आमी करू." मी म्हटलं, "आणि मी चुकले तर?" तर कुसुम काय म्हणाली, ऐका. म्हणाली, "तू नाय चुकत."

मंडळी, हे शब्द मी ओळखते.

मी माणूस आहे. मला ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला ही खुर्ची आवडते. भांड्यांच्या खोलीची किल्ली कमरेला लावून आळीतून चालले की मला नवरीसारखं वाटतं. आणि ज्यांचा माझ्यावर जीव आहे त्याच म्हणतायत, की कायमची घे, विचारू नकोस. दोन दिवस मी त्या कागदाकडे बघत बसले. नाही म्हणून झालं होतं. दुसऱ्यांदा नाही म्हणता येत नाही. लपवून ठेवता येत नाही, आठ दिवसांचा नियम आहे. सही करावी, तर बाईंनी लिहिलेलं सगळं माझ्याच सहीने पुसलं जातं. आणि न करावी, तर नियम मोडणारी पहिली मीच.

मग मी सुनेला म्हटलं, फाईल काढ आणि पहिल्या नियमापासून वाच. दोनदा वाच. तिने वाचलं. पहिल्या वेळी मला काही सापडलं नाही. दुसऱ्या वेळी नवव्या नियमापाशी मी तिला थांबवलं. अध्यक्षाला पद सोडायचं असेल, तर राजीनामा उपाध्यक्षाच्या हातात द्यावा. मग उपाध्यक्षाने महिन्याच्या आत सभा बोलवावी आणि सभेने नवी अध्यक्ष निवडावी. मला आठवलं, हे टाईप करताना बाई बोलल्या होत्या, की राष्ट्रपतीही राजीनामा उपराष्ट्रपतींकडेच देतात. त्या दिवशी मी लक्ष दिलं नव्हतं. ऊन होतं.

हा ठराव माझ्या एकटीच्या नावाचा आहे. नीट वाचा, तसंच लिहिलंय. हिराआजी अध्यक्ष असेपर्यंत सभा नको. म्हणजे हिराआजी अध्यक्ष नसली, तर सभा हवी. आणि अध्यक्षाने राजीनामा देऊ नये, असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

तर आता मी तुमच्यासमोर सही करते. थोडा वेळ लागेल. थांबा.

झालं. नियम पाळला. दुसऱ्यांदा आलेल्या कागदावर सही केली, आठव्या दिवशी, दिवसाढवळ्या. आता या गावात मला अडवणारं कोणी नाही. कसं वाटतं सांगू? मला माझ्याच हाताची भीती वाटतेय.

आणि हा दुसरा कागद. सुनेने लिहिलाय, सही मी सकाळीच करून ठेवलीय. कुसुम, ऊठ. ये इथे. रडू नकोस, हात पुढे कर. उपाध्यक्ष तू आहेस, हा तुझ्याच हातात द्यावा लागतो. घे. आणि ही किल्ली.

सभा तू बोलवायची. महिन्याच्या आत. वाचायला माझी सून आहे, ताईंच्या बिल्डिंगमध्ये शिकलेल्या दहा जणी आहेत. भांडणं होतील. होऊ देत. पुन्हा मलाच निवडायचं असेल तर हात वर करून निवडा, आणि नसेल निवडायचं तर तसं तोंडावर सांगा. मी बसेन त्या सभेत. बावीस जणींतली एक. नाही, बाई गेल्या, आता पुन्हा एकवीस.

बाईंचे भाऊ आणि वहिनी, तुमच्या बहिणीने आम्हाला एवढं दिलं. त्या आमच्या गावच्या नव्हत्या. नात्याच्या नव्हत्या. त्यांच्यामुळे मला कळलं, की मोठ्यातल्या मोठ्या माणसालाही कोणीतरी थांब म्हणू शकतं, आणि त्याने तो लहान होत नाही.

शालिनीबाई, तुम्ही मला शोधायला सांगितलं होतं. मी शोधलं. बरोबर आहे की नाही, ते तुम्ही असतात तर सांगितलं असतंत. नमस्कार घ्या.

मंडळी, आता सगळ्यांनी उठावं. बाईंसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. जनाबाईला कोणीतरी हात द्या. मला इथे वर उभं राहायचं आता काही कारण नाही. मी खाली येते, तुमच्या रांगेत. मला जरा जागा करा.